वास्तू उभी राहील. दिव्याच्या तेलाचे काय?

दसरा झाला की पाथर्डी आणि जामखेड तालुक्यांतील अनेक वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे बैलगाड्यांत, ट्रॅक्टरमध्ये संसार भरून साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. मोकळ्या रानात तळ पडतो. बांबू रोवले जातात, त्यांना चटया बांधल्या जातात, वर प्लॅस्टिकचा कागद येतो आणि दिवस मावळेपर्यंत कोप्यांची एक वस्ती उभी राहते. आत शिरायचे तर मोठ्या माणसाला कमरेत वाकावे लागते. हे घर फार तर पाच महिन्यांचे. कारखान्याचा पट्टा पडला की ते मोडायचे आहे, हे बांधणाऱ्याला पक्के ठाऊक असते. तरीही पहाटे उसाच्या फडात जाण्यापूर्वी घरातील बाई आतली जमीन शेणाने सारवते, तीन दगडांची चूल मांडते, एका कोपऱ्यात देवाचा फोटो ठेवते आणि दारासमोर दोन बोटे रांगोळी ओढते.

निवारा एवढाच हेतू असता तर बांबू आणि चटई पुरेशी होती. मग ते सारवण आणि ती रांगोळी कशासाठी? माणूस बांधतो का, या प्रश्नाचे उत्तर शोधायला मोठमोठ्या ग्रंथांकडे जाण्याआधी या कोपीसमोर थोडा वेळ थांबायला हवे.

पक्षी घरटे बांधतात, मुंग्या वारूळ उभारतात. सुगरणीची कारागिरी पाहून कोणताही कारागीर थक्क व्हावा. परंतु तिचे घरटे पिढ्यान् पिढ्या तेच राहते. माणूस मात्र गुहेत राहिला तर गुहेच्या भिंतीवर चित्र काढतो, झोपडी बांधली तर तिला उंबरठा करतो, उंबरठा झाला की त्याची पूजा करतो. घर पाहावे बांधून, असे आपले जुने लोक म्हणत. त्यात बांधकामाच्या दगदगीचा इशारा आहेच. पण ती दगदग ठाऊक असूनही प्रत्येक पिढी पुन्हा बांधायला निघते, ही गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे.

प्रवरेकाठचा पुरावा

या विचारासाठी आपल्याच जिल्ह्यातील मातीने काही पुरावे जपून ठेवले आहेत. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद हे छोटेसे गाव आहे. तेथील प्राचीन वसाहतीचा शोध १९५८ मध्ये लागला आणि पुढील दोन दशकांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तेथे उत्खनने केली. १९७४ मध्ये याच गावात बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी धातूची भव्य शिल्पे सापडली, म्हणून ते जगाला माहीत झाले. त्या शिल्पांइतकीच बोलकी आहेत ती तेथील साधी मातीची घरे. सुमारे ४००० वर्षांपूर्वी या नदीच्या काठी माणसे मातीच्या भिंती घालून, जमीन चोपून, चूल मांडून नांदत होती. संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावाचे नाव तर एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीलाच मिळाले आहे.

जोर्वे संस्कृतीच्या घरांत उत्खनन करताना अभ्यासकांना एक गोष्ट वारंवार आढळली. लहान मूल दगावले की त्याला दोन मातीच्या कुंभांत ठेवून, त्या कुंभांची तोंडे एकमेकांना जुळवून, घराच्या जमिनीखालीच पुरले जाई. नेवासे येथे डॉ. हसमुख सांकलिया यांनी १९५४ पासून केलेल्या उत्खननातही अशी दफने मिळाली. त्या माणसांची भाषा आपल्याला ठाऊक नाही, त्यांच्या देवांची नावे आपण सांगू शकत नाही. पण गेलेले लेकरू घराबाहेर जाऊ नये, ते आपल्याच जमिनीत, आपल्याच चुलीच्या उबेजवळ राहावे, असे त्या आईबापांना वाटले असावे, हे समजायला भाषा लागत नाही.

म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीही घर हे नुसते छप्पर नव्हते. आपण आज आहोत, उद्या नसू, ही जाणीव सजीवसृष्टीत माणसाला जितकी लख्ख आहे तितकी कोणाला नसावी. या जाणिवेने तो खचून गेला नाही. त्याने भिंत घातली. गेलेल्यांना आणि येणाऱ्यांना एका जागी बांधून ठेवणारी ती भिंत होती. आपल्याकडे 'वास्तू' हा शब्दच 'वस्' म्हणजे राहणे या धातूशी जोडलेला आहे. दगड-विटांचा ढीग म्हणजे वास्तू नव्हे. जेथे कोणी राहते ती वास्तू. म्हणून घर बांधून झाले की आपण वास्तुशांत करतो, गोतावळा जेवू घालतो आणि त्याला 'घरभरणी' म्हणतो. माणसांनी भरल्याशिवाय घराला घरपण येत नाही, हे त्या एका शब्दात आले आहे.

पैसाच्या खांबावरचा लेख

याच प्रवरेच्या काठी, त्याच नेवाशात, एक दगडी खांब उभा आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, या खांबाला टेकून ज्ञानेश्वर माउलींनी गीतेवरील भाष्य सांगितले अशी महाराष्ट्राची श्रद्धा आहे. 'पैसाचा खांब' म्हणून वारकरी त्याच्यापुढे माथा टेकतात. आज त्याच्याभोवती मंदिर आहे. दर्शन घेणाऱ्यांपैकी किती जणांचे लक्ष त्यावर कोरलेल्या प्राचीन संस्कृत लेखाकडे जाते, कोण जाणे!

हा लेख माउलींच्या आधीचा आहे. त्यात करवीरेश्वराला वंदन आहे आणि देवापुढील अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. कोणा एका जुन्या भाविकाने देवापुढचा दिवा विझू नये म्हणून तेलाची व्यवस्था करून ठेवली आणि ती कोणी मोडू नये म्हणून दगडावर कोरून घेतली.

ज्याने हा खांब घडवला त्याला, किंवा ज्याने तेलाचे दान दिले त्याला, पुढे या खांबाचे काय होणार आहे याची कल्पना तरी होती का? समाजाने वाळीत टाकलेल्या घरातला, आईबाप गमावलेला एक कोवळा मुलगा एके दिवशी येथे येईल, याच दगडाला पाठ टेकवील आणि त्याच्या तोंडून मराठी भाषेचे भाग्य उजळेल, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल. त्याने देवासाठी बांधले. ते कामी आले एका निराधार मुलाच्या.

माझ्या मते माणूस का बांधतो याचे सर्वांत खरे उत्तर या खांबात आहे. आपण ज्याला कधीही पाहणार नाही अशा माणसासाठी माणूस बांधतो. त्याला ते प्रत्येक वेळी उमगलेले असतेच असे नाही. स्वतःसाठी बांधतो आहोत असे त्याला वाटत असते, पण पाया खणताना तो शंभर वर्षांचा हिशेब धरतो आणि स्वतःचे आयुष्य तेवढे नाही हे त्याला माहीत असते. उरलेली वर्षे तो कोणाच्या तरी नावे करून ठेवतो.

चौंडीची लेक

हा विचार ज्यांच्या आयुष्यात पूर्णत्वाला गेला त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी याच जिल्ह्याच्या. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे ३१ मे १७२५ रोजी माणकोजी शिंदे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. काशी, सोमनाथ, गया, वेरूळ ही त्यांच्या बांधकामांची नावे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु त्या कोणत्या मनःस्थितीत बांधत होत्या, याचा विचार आपण क्वचितच करतो.

१७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ मध्ये वडिलांच्या मायेने पाठीशी उभे राहिलेले सासरे मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव गेला. उतारवयात नातू गेला, जावई गेला आणि १७९१ मध्ये मुलगी मुक्ताबाईने डोळ्यांदेखत सहगमन केले. ज्या स्त्रीचे स्वतःचे घर असे एकेक करून रिकामे होत गेले, त्याच स्त्रीने देशभर इतरांसाठी घरे बांधली. १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने पाडल्या गेलेल्या काशी विश्वनाथाला १७८० मध्ये पुन्हा मंदिर मिळाले ते अहिल्यादेवींमुळे. सोमनाथाची पूजा १७८३ मध्ये नव्या मंदिरात सुरू झाली. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ मधले. ही ठिकाणे होळकरांच्या मुलखात नव्हती. तेथून त्यांना महसूल मिळणार नव्हता की सैन्य मिळणार नव्हते. हा खर्चही दौलतीच्या तिजोरीतून न करता त्यांनी आपल्या खासगीतून केला. त्यांचा स्वतःचा महेश्वरचा वाडा मात्र आजही पाहणाऱ्याला साधा वाटतो.

मंदिरांबरोबरच घाट, धर्मशाळा, विहिरी, बारवा त्यांनी बांधल्या. काशीच्या घाटावर उतरणारा यात्रेकरू आणि वाटेवरच्या बारवेत तहान भागवणारा वाटसरू त्यांना कधी दिसणार नव्हता. आणि बांधकाम पुरे झाले की त्यांचे लक्ष उडत नसे. पूजेची नेमणूक, अन्नछत्राचा खर्च, दूरदूरच्या मंदिरांना गंगाजलाच्या कावडी, अशी पुढची तजवीज त्या करीत. नेवाशाच्या खांबावरच्या त्या अज्ञात दात्याची रीत हीच होती. खांबाबरोबर तेलाचाही विचार झालेला होता.

याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवून पाहावे. नगर शहराच्या पूर्वेच्या डोंगरावर एक तीन मजली अष्टकोनी दगडी इमारत दूरवरून दिसते. निजामशाहीतील मंत्री दुसरा सलाबतखान याची ती कबर. लोक मात्र तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. ज्याचे नाव राहावे म्हणून एवढा डोंगर चढवून दगड नेला, त्याचेच नाव लोकांनी विसरून टाकले! त्याच निजामशाहीत शहराला बाहेरून पाणी आणणारे खापरी नळही घातले गेले. त्या कामाचे कौतुक करायला हात आखडण्याचे कारण नाही. पाणी पिणाऱ्याची जात-धर्म नळ विचारीत नाही. मुद्दा राज्य कोणाचे होते हा नाही. बांधणाऱ्याच्या मनात कोण होते, एवढाच आहे.

बांधताना माणसे जुळतात

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीची कथा सर्वांना माहीत आहे, पण तिची सुरुवात कोठून झाली हे अनेकदा विसरले जाते. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा गाव दुष्काळाने आणि दारूने पोखरलेले होते. गावच्या यादवबाबा मंदिराचे लाकूडसुद्धा दारूच्या भट्ट्यांसाठी जळाले होते. अण्णांनी निवृत्तीच्या वेळी मिळालेले पैसे त्या मंदिराच्या जीर्णोद्धाराला लावले. हिशेबी माणूस म्हणेल, आधी पाणी, मग मंदिर. परंतु गाव एकत्र येण्याची जागाच मोडून पडली होती. ती उभी राहिली, माणसे तेथे बसू लागली, दारूबंदीचा निर्णय तेथे झाला आणि मग श्रमदानाने नालाबंडिंग, पाझर तलाव, शाळा उभ्या राहिल्या. मंदिर बांधता बांधता गाव बांधले गेले.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो आपल्याच परंपरेच्या आधारे घेतला जातो. देवाला छप्पर कशाला हवे? नेवासे तालुक्यातच शनिशिंगणापूरला शनिदेवाची शिळा उघड्या चौथऱ्यावर ऊन-पाऊस सोसत उभी आहे आणि तेथील घरांना परंपरेने दारे नाहीत. श्रद्धा अशी भिंतीवाचून नांदू शकत असेल तर मग दगड-विटांचा एवढा सोस का?

आक्षेप खरा आहे. छपराची गरज देवाला नाही, माणसाला आहे. हे गाडगे महाराजांइतके स्वच्छ कोणी ओळखले नसेल. हातात खापर आणि झाडू, अंगावर चिंध्या, स्वतःसाठी झोपडीसुद्धा नाही; पण पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा त्यांनी उभारल्या. संन्यस्त माणूस असे बांधत राहिला, कारण यात्रेला आलेली म्हातारी बाई पावसात कोठे निजणार, हा प्रश्न त्याला पडला होता.

आज आपण कोणासाठी बांधतो आहोत?

आता स्वतःकडे वळू. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या जिल्ह्यात बांधकाम भरपूर झाले. गावोगावी वेशीवर सिमेंटची कमान आहे, समाजमंदिर आहे, सभामंडप आहे. त्यांतील अनेकांच्या दाराला बारा महिने कुलूप असते. कोनशिलेवर नावे ठळक आहेत आणि आत पोत्यांची थप्पी. मुले पुण्या-मुंबईला गेली, त्यांच्या पैशांतून गावी टुमदार बंगला उभा राहिला आणि त्यात वर्षातून चार दिवस दिवा लागतो. वाड्याच्या वाटण्यांचा दावा कोर्टात आहे आणि तुळईला वाळवी लागली आहे. शेकडो वर्षांची बारव गाळाने आणि प्लॅस्टिकने भरली आहे, आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावर टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागली आहे. यादवकालीन मंदिराच्या कोरीव दगडाला ऑईलपेंट फासून, गाभाऱ्यात फरशी बसवून आपण त्याला जीर्णोद्धार म्हणतो.

यात बहुतेक ठिकाणी वाईट हेतू नसतो. वर्गणी देणाऱ्याची श्रद्धा खरी असते. पण आपण बांधायला जमतो आणि सांभाळायला पांगतो. भूमिपूजनाला मंडप भरतो. पाच वर्षांनी छत गळू लागले की कोणाचे काम हे ठरत नाही. खांबासाठी वर्गणी मिळते, तेलासाठी मिळत नाही.

या संदर्भात कार्यकर्त्यांनी स्वर्गीय एकनाथजी रानडे यांचे उदाहरण पुन्हा आठवावे. कन्याकुमारीच्या शिळेवरील विवेकानंद स्मारकासाठी त्यांनी देशभरातील लाखो सामान्य माणसांकडून एकेक रुपया गोळा केला. १९७० मध्ये स्मारक उभे राहिले. एवढे काम करून ते समाधानाने थांबू शकले असते. परंतु दगडाच्या स्मारकामागे जिवंत माणसांचे काम नसेल तर ते प्रेक्षणीय स्थळ होऊन राहील, हे त्यांनी ओळखले आणि ७ जानेवारी १९७२ रोजी विवेकानंद केंद्राची स्थापना केली. केंद्राच्या शाळा पुढे अरुणाचलाच्या डोंगरदऱ्यांत पोहोचल्या. त्या शिळेवरच्या दिव्याचे तेल ते हेच.

अहिल्यादेवींच्या जन्माला २०२५ मध्ये ३०० वर्षे पूर्ण झाली. त्याआधी २०२४ मध्ये शहराला आणि जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत भरली आणि तेथील स्मारकासाठी ६८१ कोटी रुपयांच्या आराखड्याला मान्यता देण्यात आली. जुन्या विहिरी, घाट आणि कुंडे यांच्या दुरुस्तीचाही निर्णय झाला. याचा आनंद प्रत्येकाला व्हायला हवा. आनंदाबरोबर एक जबाबदारीही आली आहे. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यासाठी बांधले, तिच्या नावाने केवळ पाहण्याजोगे काही बांधून भागणार नाही. तिच्या स्मारकात कोणी तरी राहिले पाहिजे, शिकले पाहिजे, पाणी प्यायले पाहिजे.

आणि येथे ती कोपी पुन्हा आठवते. चौंडी ज्या जामखेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातून दर दसऱ्यानंतर ती कुटुंबे कोयता घेऊन बाहेर पडतात. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या मुलांची शाळा सहा महिने सुटते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी १० जिल्ह्यांत ८२ वसतिगृहे उघडण्याची 'संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना' शासनाने २०२१ मध्ये जाहीर केली, आणि पहिल्या टप्प्यात पाथर्डी व जामखेड यांचा समावेश केला. ही योजना शासनाची असली तरी वसतिगृहाला घरपण देणे शासनाला एकट्याने जमणारे नाही. संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेणारा शिक्षक, सणाला त्यांना घरी जेवायला नेणारे कुटुंब, आजारी मुलीच्या उशाशी बसणारी कोणी मावशी हे समाजाने द्यायचे असते. आपल्यातील कित्येक कुटुंबांना हे सहज शक्य आहे. त्यासाठी वर्गणीपुस्तक छापावे लागत नाही.

ज्यांच्या गावात असे वसतिगृह नाही त्यांनी एक बारव घ्यावी, किंवा एक कुलूपबंद समाजमंदिर. बारवेतला गाळ दर उन्हाळ्यात कोण काढणार, समाजमंदिराची किल्ली कोणाकडे राहणार, संध्याकाळी तेथे मुलांची अभ्यासिका कोण चालवणार, ही नावे एका कागदावर लिहून ग्रामसभेत वाचून दाखवावीत. नेवाशाच्या खांबावर कोणी तरी जशी तेलाची नोंद करून ठेवली, तशी ही आपली नोंद.

येत्या दसऱ्यानंतरही ती बाई पाच महिन्यांचे घर सारवून त्यापुढे रांगोळी काढील. या वेळी तिचे मूल तिच्याबरोबर कोपीत असेल, की जामखेडच्या एखाद्या उजेडाच्या खोलीत पुस्तक उघडून बसलेले असेल, हे मात्र आपण आज काय ठरवतो त्यावर अवलंबून आहे.